ड्रम ब्रेकचे शू घरी बदलताना: शूइतकेच लक्ष ॲडजस्टरकडे द्या

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी सुमारे ७० हजार किलोमीटर चालली आहे आणि मागच्या दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक दाबला की डाव्या मागच्या चाकातून घासल्याचा आवाज येतो आणि हँडब्रेक जवळजवळ शेवटपर्यंत ओढावा लागतो. केबल एकदा आवळून घेतली होती, तरी महिन्याभरात ती पुन्हा सैल वाटू लागली. अशा वेळी ब्रेक शू, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबले जाणारे कमानीसारखे भाग, घरी बदलता येतील का, स्प्रिंग उडून लागण्याची भीती कितपत खरी आहे, आणि आवाज एकाच बाजूला असल्याने एकाच बाजूचे शू बदलून भागेल का?

घरी बदलता येतील, भीती थोडी खरी आहे, आणि एकाच बाजूचे शू बदलू नयेत. मात्र गेली वीस-बावीस वर्षे ब्रेकची कामे करत असल्यामुळे प्रश्नातले मला सर्वांत बोलके वाटलेले वाक्य आवाजाबद्दलचे नसून केबल आवळून घेतल्याबद्दलचे आहे. त्यावरून अशी शंका येते की या गाडीत लायनिंग (शूवरचा घासणारा थर) झिजले असेल किंवा नसेलही, पण शू आणि ड्रम यांच्यातले अंतर आपोआप राखणारा ॲडजस्टर काम करत नाही. तो तसाच ठेवून नवे शू बसवले, तर काही महिन्यांनी तुम्ही याच प्रश्नापाशी परत याल.

हे कसे घडते ते आधी पाहू. पेडल दाबल्यावर व्हील सिलिंडरमधले, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेक ऑइलच्या नळकांड्यातले, दोन पिस्टन दोन्ही शूंना बाहेर रेटतात आणि लायनिंग फिरत्या ड्रमला आतून टेकते. लायनिंग झिजेल तसे शूला अधिकाधिक अंतर कापावे लागते. हे अंतर वाढू नये म्हणून दोन शूंच्या मध्ये आटे असलेला एक लहान दांडा असतो. त्यावरचे दंतचक्र ब्रेक वापरताना एकेक दात पुढे सरकते आणि दांडा हळूहळू लांब होत जातो. धूळ, गंज किंवा वाळलेले ग्रीस यांमुळे हे आटे जाम झाले की अंतर वाढत राहते, हँडब्रेकला लांब ओढ लागते आणि पेडलही खाली जाऊ लागते. अशा वेळी केबल आवळली की हँडब्रेक तात्पुरता वर येतो. पण मागच्या शूवरची हँडब्रेकची पट्टी, जिला केबल जोडलेली असते, आपल्या मूळ विसाव्याच्या जागी परत जात नाही, ती कायम थोडी ओढलेली राहते, आणि बहुतेक रचनांमध्ये त्यामुळे ॲडजस्टरचे उरलेसुरले कामही थांबते. म्हणून केबल हा या कामातला शेवटचा टप्पा आहे, पहिला कधीच नव्हे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. काही गाड्यांत ड्रम हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) नुसता बसवलेला असतो आणि चाक काढल्यावर एखादा स्क्रू सोडवून ओढून काढता येतो. काहींत मात्र ड्रम आणि हब एकच असतात, आत बेअरिंग असते आणि मधला मोठा नट काढावा लागतो. हा नट ठरावीक टॉर्कने, म्हणजे मोजलेल्या जोराने, आवळायचा असतो, अनेकदा तो नवाच घ्यावा लागतो, आणि तो चुकीचा आवळला तर ब्रेकऐवजी बेअरिंगचे नुकसान होते. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारची असेल आणि टॉर्क पाना हाताशी नसेल, तर इथेच थांबावे असे मी म्हणेन. हँडब्रेक बटणाचा, म्हणजे विजेवर चालणारा असेल, तर तो दुरुस्तीच्या स्थितीत कसा न्यायचा हे गाडीच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय काहीही उघडू नये. आणि चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर किंवा ब्रेक प्लेटखाली (शू ज्या स्थिर पत्र्यावर बसवलेले असतात त्याखाली) ओल दिसत असेल, तर काम नुसते शू बदलण्याचे राहिलेले नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

तयारीत सर्वांत महत्त्वाचा भाग गाडी उचलण्याचा आहे. या कामात हँडब्रेक सोडलेलाच ठेवावा लागतो, नाहीतर ड्रम निघत नाही. त्यामुळे गाडी रोखून धरण्याचा नेहमीचा उपाय आपण स्वतःच काढून टाकलेला असतो. जमीन सपाट आणि टणक हवी, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, आणि गाडीची पुढची चाके ओढणारी असतील तर ती गिअरमध्ये ठेवावी. मागची चाके ओढणारी असतील तर मात्र गिअरचा उपयोग नाही, कारण तीच चाके हवेत असतात. तिथे सगळा भरवसा ठोकळ्यांवर असतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो; उचलल्यावर गाडी स्टँडवर टेकवावी आणि हाताने जोरात हलवून पाहावी. नुसत्या जॅकवरच्या गाडीचा ड्रम हातोडीने ठोकणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि मला त्यांच्याजवळ उभे राहणेही नकोसे वाटते.

ड्रम निघत नसेल तर त्याची दोन वेगळी कारणे असू शकतात आणि ती ओळखणे आवश्यक आहे. ड्रम जागचा हलतच नसेल, तर तो हबला गंजाने धरलेला असतो. मधल्या कड्याभोवती गंज सोडवणारे तेल मारून थोडा वेळ थांबावे आणि बोल्टांच्या मधल्या सपाट भागावर हातोडीने ठोकावे. कडेवर ठोकू नये, कारण ओतीव लोखंडाची कड तुटते. अनेक ड्रमांना आटे पाडलेली दोन भोके मुद्दाम ठेवलेली असतात, बहुधा ८ मिलिमीटरच्या बोल्टची. त्यांत दोन बोल्ट लावून आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो. याउलट ड्रम थोडा बाहेर येऊन अडकत असेल, तर झिजलेल्या ड्रमच्या कडेला उरलेला उंचवटा शूंना धरतो आहे. तिथे ठोकून उपयोग नाही. ब्रेक प्लेटवरच्या किंवा ड्रमवरच्या भोकातून पातळ स्क्रू ड्रायव्हरने ॲडजस्टरचे पाते (दंतचक्राला मागे फिरू न देणारी पट्टी) बाजूला धरावे आणि दुसऱ्या स्क्रू ड्रायव्हरने दंतचक्र मागे फिरवून शू आत घ्यावेत. ते चक्र फिरायला नकार देत असेल, तर तुमच्या हँडब्रेकच्या तक्रारीचे उत्तर ड्रम उघडण्याआधीच मिळाले असे समजा.

ड्रम काढल्यावर आतली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने कधीही उडवू नये. जुन्या गाड्यांच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. नव्या लायनिंगची धूळही श्वासावाटे आत घेण्याजोगी नाही. खाली तसराळे ठेवून ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने सगळे ओले करून धुवावे. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

यानंतर लगेच स्प्रिंगांना हात घालू नका. आधी दहा मिनिटे नुसते पाहा आणि दोन-तीन बाजूंनी छायाचित्रे काढा. कोणती स्प्रिंग पुढे, कोणती मागे, कोणता आकडा कोणत्या भोकात, ॲडजस्टरचे चक्र कोणत्या शूच्या जवळ, हे नंतर आठवत नाही. दोन्ही बाजू एकदम मोकळ्या करू नयेत हा जुना नियम मी आजही पाळतो: एक बाजू पूर्ण जोडून झाल्यावरच दुसरी उघडावी, म्हणजे नमुना समोर राहतो. मात्र दुसरी बाजू आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी असते, हे लक्षात ठेवावे. काही गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शूवरचे लायनिंग वेगवेगळ्या लांबीचे असते. ते अदलाबदल करून बसवले तर बसते, पण ब्रेक नीट लागत नाही.

मग जुन्या भागांचा निवाडा. लायनिंगची किमान जाडी गाडीनुसार बदलते. अनेक पुस्तिकांत ती १ ते १.६ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते, आणि रिव्हेटने बसवलेल्या लायनिंगमध्ये ती रिव्हेटच्या डोक्यापासून वर मोजायची असते. ड्रमचा कमाल व्यास बहुधा ड्रमवरच ओतलेला असतो. मूळ व्यासापेक्षा तो साधारणपणे १ ते २ मिलिमीटरच जास्त असतो, म्हणून डोळ्यांनी अंदाज न करता मोजावे. बोटाच्या नखाला जाणवतील इतक्या खोल खाचा, निळसर काळे डाग किंवा मर्यादेबाहेरचा व्यास असेल, तर नव्या शूंचा निम्मा फायदा वाया जातो. तुमच्याकडे आवाज एकाच बाजूला आहे, म्हणून डावा ड्रम जास्त बारकाईने पाहा: लायनिंग संपून लोखंड लोखंडावर घासले असेल, तर ड्रमवर चकचकीत चरा दिसेल. उलट लायनिंग पुरेसे असेल, तर आवाज अडकलेल्या खड्यामुळे, सुटलेल्या स्प्रिंगमुळे किंवा ड्रमच्या कडेच्या उंचवट्यामुळे येत असू शकतो.

व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपणे किंचित उचलून आत पाहावे. आत नुसता दमटपणा असेल तर चालते, पण ब्रेक ऑइल ओघळत असेल तर सिलिंडर बदलावाच लागतो. त्यासाठी ऑइलची नळी सोडवावी लागते, तिचा नट गंजलेला असला तर साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात, आणि नंतर नळ्यांत शिरलेली हवा काढण्याचे काम येते. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने या ठिकाणी अनुभवी माणसाची मदत घेणे मी कमीपणाचे मानत नाही. मागच्या ॲक्सलच्या ऑइल सीलमधून गळती असेल तर ओल दाट, काळपट आणि गिअर ऑइलच्या वासाची असते. ब्रेक ऑइल पातळ असते आणि गाडीच्या रंगाचे पापुद्रे काढते. गळती कोणतीही असो, तेल प्यालेले लायनिंग धुऊन, घासून किंवा तापवून परत वापरू नये. वरून ते कोरडे दिसते, पण तापल्यावर तेल पुन्हा बाहेर येते आणि गाडी एका बाजूला ओढते.

आता स्प्रिंगांची भीती. वरच्या परतीच्या स्प्रिंगा जोरदार असतात आणि हातातून सुटल्या तर बोट फाडतात किंवा डोळ्यावर येतात, हे खरे आहे. पण त्या सुटतात त्या बहुतेक वेळा साध्या पकडीने ओढल्यामुळे. स्प्रिंग काढण्याची खास पक्कड मिळते. ती नसेल तर आकडा घट्ट धरणारी लॉकिंगची पक्कड वापरावी, चेहरा स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नये आणि ओढ सावकाश सोडावी. शूंना प्लेटशी दाबून धरणाऱ्या लहान स्प्रिंगा त्या मानाने सोप्या आहेत: मागून पिन बोटाने दाबून धरायची, पुढून टोपी आत दाबून पाव फेरा फिरवायची, की ती सुटते. या दोन टोप्या निघाल्यावर कित्येक गाड्यांत दोन्ही शू, खालची स्प्रिंग आणि ॲडजस्टर असा सगळा संच एकत्रच पुढे घेता येतो, आणि मग हँडब्रेकची केबल पट्टीतून सोडवता येते. मला ही पद्धत अधिक आवडते, कारण ताणलेल्या स्प्रिंगशी झटापट करण्याऐवजी ती कामाच्या टेबलावर सैल करता येते. संच बाहेर असताना सिलिंडरभोवती जाड रबर बँड लावावा. आणि या काळात कोणीही ब्रेकचे पेडल दाबणार नाही याची काळजी घ्यावी. एकदा मी ड्रम उघडा ठेवून पाना आणायला गेलो असताना गाडीच्या मालकाने सहज आत बसून पेडल दाबले. पिस्टन बाहेर, ऑइल जमिनीवर आणि तासाभराचे काम दिवसभराचे झाले. तेव्हापासून मी पेडलखाली लाकडी ठोकळा अडकवून ठेवतो.

जुने शू बाजूला ठेवल्यावर मुख्य काम सुरू होते. ब्रेक प्लेटवर प्रत्येक शूच्या कडेखाली सहसा तीन, म्हणजे एकूण सहा उंचवटे असतात. शू त्यांच्यावरून सरकतो. तिथे खाच पडली असेल तर शू तिच्यात अडकतो आणि पेडल सोडल्यावरही ड्रमला घासत राहतो. खाच उथळ असेल तर कानसीने सपाट करावी आणि या सहा जागांना उष्णता सहन करणाऱ्या ब्रेक ग्रीसचा नखभर पातळ थर द्यावा. साधे ग्रीस गरमीने वितळते आणि लायनिंगवर जाते. नव्या लायनिंगला ग्रीसचे हात लागू देऊ नयेत, आणि नवा ड्रम असेल तर त्यावरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढावे.

ॲडजस्टर पूर्ण उलगडून त्याचे आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत, जरासे ब्रेक ग्रीस लावावे आणि तो बोटांनी सहज फिरतो का ते पाहावे. चक्राचे दात बोथट झाले असतील किंवा पात्याचे टोक झिजले असेल, तर दोन्ही नवे घ्यावेत. डाव्या आणि उजव्या बाजूचे ॲडजस्टर सारखे दिसले तरी पुष्कळ गाड्यांत त्यांचे आटे उलट दिशेचे असतात. अनेकांवर तशी खूण असते. ते एकमेकांच्या जागी गेले, तर प्रत्येक वेळी चक्र फिरले की दांडा लांब होण्याऐवजी आखूड होतो. ही चूक मी स्वतः उमेदवारीच्या काळात केली आहे. पहिल्या दिवशी गाडी उत्तम थांबत होती, आणि पुढच्या काही आठवड्यांत पेडल रोज थोडे खाली जात गेले. शू, सिलिंडर, ऑइल सगळे तपासून झाल्यावर चूक सापडली. स्प्रिंगा आणि टोप्यांचा नवा संच मिळत असेल तर तोही बसवावा. वर्षानुवर्षे तापून स्प्रिंगांचा ताण कमी झालेला असतो.

जोडणी म्हणजे हीच कृती उलट क्रमाने. तीत सांगण्यासारखे एवढेच, की मागच्या शूवरची हँडब्रेकची पट्टी नव्या शूवर हलवताना तिची क्लिप नवी वापरावी आणि केबल मोकळीच ठेवावी. शूंची टोके सिलिंडरच्या आणि खालच्या आधाराच्या खाचांत बरोबर बसली आहेत का, हे ड्रम चढवण्याआधी दोनदा पाहावे.

आता अंतर लावणे. ॲडजस्टर थोडा थोडा उघडत ड्रम चढवून पाहावा. तो हाताने सरकतो, पण फिरवताना लायनिंगचा हलका, सारखा सरसर आवाज येतो, अशी स्थिती हवी. आवाज एकाच जागी जोरात येत असेल, तर शू मध्यावर नाहीत. त्यांना तळहाताने सरकवून बसवावे. दुसऱ्या बाजूचेही काम संपले आणि दोन्ही ड्रम जागेवर आले की मगच पेडलखालचा ठोकळा काढून पेडल दाबावे. नवे लायनिंग जाड असल्यामुळे पिस्टन मागे गेलेले असतात आणि टाकीतली ऑइलची पातळी वर येते. काम चालू असताना ती ओसंडत नाही ना, हे पाहावे. काही गाड्यांचे ॲडजस्टर साध्या पेडलने, काहींचे हँडब्रेक ओढल्याने, तर काहींचे गाडी मागे घेताना ब्रेक दाबल्याने पुढे सरकतात. आपल्या गाडीच्या पद्धतीप्रमाणे दहा-बारा वेळा ते करावे आणि दोन्ही चाकांचा घास सारखा आहे का, ते फिरवून पाहावे. सगळ्यात शेवटी केबल: हँडब्रेक ओढताना वाजणाऱ्या, पुस्तिकेत दिलेल्या खटक्यांइतकी, सहसा चार ते आठच्या दरम्यान, आणि हँडब्रेक सोडल्यावर दोन्ही चाके मोकळी फिरली पाहिजेत.

पेडल काय सांगते ते ऐकावे. पहिल्या दाबात खाली जाते आणि लगोलग दोन-तीनदा दाबल्यावर वर येते, तर शूंचे अंतर अजून जास्त आहे. स्पंजासारखे मऊ लागते, तर नळ्यांत हवा आहे. धरून ठेवले असता सावकाश बुडत जाते, तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचा (पेडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरचा) दोष आहे आणि गाडी हलवू नये.

एकाच बाजूचे शू का बदलू नयेत, तेही सांगतो. नव्या आणि जुन्या लायनिंगची पकड सारखी नसते. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की एक मागचे चाक आधी अडते आणि गाडीचा मागचा भाग घसरू शकतो. शू नेहमी एका ॲक्सलचे चारही एकत्र बदलावेत.

चाकांचे नट गाडी जमिनीवर आल्यावर आडव्या क्रमाने, ठरलेल्या टॉर्कने आवळावेत. पहिली चाचणी मोकळ्या सपाट जागी, चालण्याच्या वेगाने घ्यावी. नंतर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत असा मध्यम ब्रेक आठ-दहा वेळा, मधे थंड होण्याइतके अंतर ठेवून लावावा, आणि पहिले २००-३०० किलोमीटर गरज नसताना करकचून ब्रेक दाबू नये. लायनिंगला ड्रमच्या गोलाईत बसायला तेवढा वेळ लागतो. एका फेरीनंतर दोन्ही मागच्या चाकांजवळ हात नेऊन उष्णता ताडून पाहावी, ड्रमला स्पर्श करू नये. एक चाक स्पष्टपणे जास्त तापले असेल, तर त्या बाजूचा शू मागे येत नाही किंवा केबल ओढलेली आहे. सुमारे १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत.

वेळेचा अंदाज विचाराल तर पहिल्यांदा एका बाजूला दोन-अडीच तास धरावेत आणि सकाळी काम सुरू करावे, म्हणजे एखादा भाग आणावा लागला तरी दिवस हाताशी राहतो. आणि तीन-चार आठवड्यांनी हँडब्रेक पुन्हा लांब जाऊ लागला, तर या वेळी केबलला हात लावू नका. ड्रम उघडा आणि ॲडजस्टरचे चक्र कोणत्या दिशेला फिरते आहे, ते आधी पाहा.